डावा कान

शर्टाची कॉलर गळ्याशी काचायला लागली, तेव्हा शिंप्याने दोष कापडाला दिला. लोकांच्या गळ्यांची मापं घेण्यात जन्म गेला, पण स्वतःच्या मानेवर डावीकडे आलेली गाठ गृहस्थाच्या काही ध्यानात येईना. बायको असती तर तिने पहिल्याच दिवशी टोकलं असतं. पण ती रुसून बहिणीकडे जाऊन बसली होती. मशीनच्या डाव्या अंगाला बसून ती काजं-बटणं करायची, बोलत राहायची, आणि अलीकडे हा हूं की चूं करायचा नाही. "तुमच्यापेक्षा भिंत बरी," म्हणाली आणि गेली.

दुपारी कापड बेतताना तो तिला फोन लावायचा. हातात कात्री, म्हणून फोन डाव्या कानाशी खांद्यात अडकवलेला. फोनवर सेकंद पळताना दिसायचे, पण पलीकडे नुसती शांतता. उचलते आणि बोलत नाही? मग हाही हट्टाला पेटायचा. आधी तिने बोलावं! थोडं थांबून फोन ठेवायचा आणि एकटाच डबा उघडायचा. दोघांच्या त्या दुकानात त्याला घास गोड लागत नसे.

नाकातून रक्त आलं तेव्हा मात्र तो घाबरून दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक दुर्बीण घातली, तुकडा तपासायला पाठवला, आणि आज त्याला समोर बसवून सांगितलं.

"काका, नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या टोकाला कॅन्सर आहे. तिथून एक नळी कानात जाते. ती दबलीय, म्हणून पडद्यामागे पाणी साठलंय. डाव्या कानाने तुम्हाला जवळजवळ ऐकूच येत नाही. मानेतली गाठही त्याचीच. किरणांचे उपचार करू, जोडीला औषधं. बरे होणारे पुष्कळ असतात. पण घरचं माणूस जवळ लागेल. सोबत कोण आलंय?"

"कोणी नाही."

बाहेरच्या बाकावर तो टेकला. आयुष्यभर नाकासमोर चालला, आणि दुखणं येऊन बसलं नाकामागे! त्याला हसू आलं, पण ऐकायला शेजारी कोणी नव्हतं. इतकं एकटं त्याला कधीच वाटलं नव्हतं. त्याने बायकोला फोन लावला, सवयीने डाव्या कानाकडे नेला, आणि थबकला. मग उजव्या कानाला लावला.

"आज तरी बोला!" ती ओरडत होती. "रोज फोन करायचा, मी घसा फोडून न्यायला या म्हणते, आणि तुमच्या तोंडातून शब्द नाही!"

रोज म्हणत होती ती.

"न्यायला नाही जमणार गं. तूच ये."

"हो, आलात तर नाक खाली होईल ना तुमचं!"

"नाकाचंच आहे गं," तो म्हणाला. "दवाखान्यातून बोलतोय."

पलीकडे शांतता झाली. या वेळी ती खरोखरच गप्प होती.