लोहगडावरचा समुद्र

डोंगर बघायला येणाऱ्या माणसांची कस्तुराबाईला किळस होती. राग नव्हे, किळसच. मळवली स्टेशनात गाडी थांबली की पांढऱ्या बुटांतली माणसं उतरायची आणि मान वर करून भाजे गावच्या रस्त्याला लागायची. मान वर करून चालणारा शेणात पाय घालतो एवढंही त्यांना कळत नसे. एखादा तिच्या अंगणापाशी थांबून म्हणे, "काय भाग्यवान हो तुम्ही, रोज हा देखावा." ती हातातली गोवरी भिंतीवर थापायची आणि त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. त्या देखाव्यातून तिने उभा जन्म लाकडाच्या मोळ्या आणल्या होत्या.

अशा कस्तुराबाईने आपल्या तोंडाने पाव्हण्यांना गडाचं आवतण धाडलं, म्हणजे नड तशीच होती.

नड लीलाची होती. लीला तिच्या धाकट्या भावाची, महिपतीची, एकुलती एक मुलगी. आई बाळंतपणात गेली, आणि त्याच वर्षी नवरा जाऊन माहेरी परत आलेल्या कस्तुराबाईने पोर पदरात घेतली. मुलगी नाकीडोळी नीटस, कामाला वाघ, बोलायला कमी. पण लहानपणी गोठ्यात बैलाने तिच्या पायावर पाय दिला, हाड वाकडं जुळलं आणि डावा पाय बोटभर आखूड राहिला. उभी असली की कळत नसे, चालली की कळे. तेव्हापासून कस्तुराबाई तिला मळवलीला सडकेने कधी नेत नसे. बांधाबांधाने, ओहोळाच्या कडेने नेई, म्हणजे लोकांच्या नजरेला नको.

पण अंगण कुठे लपवणार? मुलगी बघायला आलेला प्रत्येक जण पोहे संपवून, मिशा पुसून तेच म्हणे, "पोरी, चार पावलं चालून दाखव." अंगण सारवलेलं, तळहातासारखं सपाट. लीला चार पावलं चाले, आणि पाव्हणे "कळवतो" म्हणून जोडे घालत. तीन स्थळं अशीच गेली. आता शिरगावचा एक बिजवर, महिपतीच्याच वयाचा, निरोपावर निरोप धाडत होता आणि महिपती कंटाळून हो म्हणायच्या बेताला आला होता. आता येणारं स्थळ हुकलं तर पोर त्या म्हाताऱ्याच्या पदरात पडणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

हे स्थळ पुण्याचं. मुलाचं नाव हौशीराम, कचेरीत कारकून, आणि छंद काय, तर गडांवर हिंडायचा. मध्यस्थाने हे सांगितलं तेव्हा कस्तुराबाईची रवी ताकातच थांबली.

"महिपत, पोरगी गडावर दावू," ती म्हणाली.

"आक्का, येड लागलं का? पोरगी घरात दावत्यात."

"घरात अंगण हाय. चढाला समद्यांचीच चाल वाकडी असती."

महिपतीने डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाला, "आन् लगीन झाल्यावर?"

"एकदा अक्षता पडल्या, की पाय मोजाया कोन येतंय?"

लीला चुलीपाशी होती. तिने सगळं ऐकलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. तिला काही विचारावं असं दोघांच्याही मनात आलं नाही.

पाव्हणे थंडीच्या दिवसांत आले, बापलेक दोघेच. मुलाची आई गुडघे धरून पुण्यातच बसली होती. बाप अंबाजीराव बांधकामाचे ठेके घेणारा, पोट कोटात न मावणारा, हातात चांदीच्या मुठीची काठी. "आम्ही सुधारक विचारांचे लोक आहोत," त्याने उतरल्या उतरल्या सांगितलं, आणि पाय धुवायला गरम पाणी मागितलं. हौशीराम त्याच्यामागे उभा. खाकी अर्धी विजार, डोक्यावर साहेबी टोप, गळ्यात दुर्बीण, पायात करकरीत नवे बूट. नव्या बुटांनी गड चढायला निघालेलं हे ध्यान बघून कस्तुराबाईला हसू आवरेना, म्हणून ती घरात जाऊन शिदोरी बांधत बसली.

महिपती जेवणाच्या तयारीला घरी थांबला. बाकीची चौघं निघाली. शिदोरीची पाटी लीलाच्या डोक्यावर दिली होती, तीही मुद्दाम. डोक्यावर ओझं असलेल्या बाईची चाल कोण निरखतो?

गावावरच्या लेण्यांच्या पायऱ्यांपाशीच हौशीरामने त्यांना लेण्यांची माहिती सांगायला सुरुवात केली. पावसात ज्या लेण्यांत ती गुरं बांधत आली, ती कुणी कोरली, का कोरली, हे त्याने कस्तुराबाईला दम लागेपर्यंत सांगितलं. दम त्याला लागला. मग तो वारंवार थांबू लागला आणि प्रत्येक वेळी थांबण्याचं कारण देखावा असे. अंबाजीराव तर देखाव्याशिवाय बोलतच नव्हता. तोंडाने भाता चालवत तो काठीवर रेलायचा आणि म्हणायचा, "वा, काय शोभा." त्याची पाठ त्या वेळी शोभेकडे असायची.

लीला पुढे चढत होती. चढाला तिचा पाय खरंच कळत नव्हता. आखूड पाय वरच्या दगडावर, लांब पाय खालच्या, असं तिने लहानपणापासून आपलं आपण जमवलेलं होतं. कस्तुराबाई मागून बघत होती आणि तिचा ऊर भरून येत होता. एवढी देखणी चाल आपण पोरीची कधी बघितली नाही, असं तिला वाटलं.

खरा घोर खिंडीच्या पुढे होता. तिथून लोहगडवाडीपर्यंत वाट सपाटीची. कस्तुराबाईने लीलाला हळूच मागे घातलं आणि ती स्वतः पाव्हण्यांच्या मध्ये शिरली. "त्यो बगा विसापूर," ती म्हणाली. तिने जन्मात कुणाला बोट करून डोंगर दाखवला नव्हता, त्या दिवशी एकच विसापूर पुन्हापुन्हा दाखवला. दोघे दर खेपेला थांबले, दर खेपेला दुर्बीण डोळ्याला लागली आणि हौशीराम दर खेपेला म्हणाला, "अप्रतिम." ज्या मुलीला बघायला पुण्याहून आले ती दहा पावलांवर लंगडत होती, आणि हे दोघे शहाणे दरीपलीकडचा दगड दुर्बिणीतून बघत होते. कस्तुराबाईला बरंही वाटलं आणि त्यांची किळसही आली. अशा आंधळ्या घरात पोर द्यायची, असा विचार मनात आला, पण शिरगावचा म्हातारा आठवला आणि तिने तो विचार तिथेच टाकला.

गडावर वारा होता. वाऱ्यात सगळेच वाकडे चालतात, त्यामुळे वरच्या सपाटीची काळजी मिटली. विंचूकाट्याच्या, म्हणजे गडाच्या चिंचोळ्या सोंडेच्या, टोकाशी पोचल्यावर हौशीरामने दुर्बीण पश्चिमेला लावली, बराच वेळ चाकं फिरवली आणि म्हणाला, "बाबा, समुद्र."

पवनमावळाच्या पल्याड, कोकणाच्या अंगाला, उन्हात पांढुरकं धुरकट काहीतरी पसरलं होतं. ते कस्तुराबाई लहानपणापासून बघत आली होती. हिवाळ्यात रोज असतं ते.

अंबाजीरावाने दुर्बीण घेतली. "हो, हो. समुद्रच. शिडंसुद्धा दिसतात."

"शिडं?" हौशीरामने दुर्बीण परत ओढली. "हां, बरोबर. शिडंच ती."

मग दुर्बीण कस्तुराबाईच्या हातात आली. तिला तिच्याच पापण्यांचे काळे केस दिसले, बाकी काही नाही. "व्हय," ती म्हणाली, "लय पानी हाय." खोटं बोलताना तिला काडीची लाज वाटली नाही. मूर्खांना मूर्खपणा परत करण्यात लाज कसली?

"आता हिला द्या," अंबाजीराव म्हणाला.

लीलाने पाटी खाली ठेवली, दुर्बीण लावली आणि शांतपणे बघितलं. "मला न्हाई दिसत समुद्र," ती म्हणाली. "नुसतं धुकं हाय."

कस्तुराबाईने तिला मागून असा चिमटा काढला की पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण लीलाने शब्द फिरवला नाही. दुर्बीण काढून परत दिली.

"नजरेला सवय लागते," हौशीराम मोठ्या मनाने म्हणाला.

उतरताना नव्या बुटांनी आपलं काम केलं. महादरवाजाच्या पायऱ्यांवर हौशीराम खाली बसला आणि बूट काढला. टाच सोलून निघाली होती. लीलाने न बोलता शिदोरीच्या फडक्याची चिंधी फाडून दिली. तिथून घरापर्यंत तो एका पायावर खुरडत आला. बाप बरा होता म्हणावं, तर त्याचे गुडघे बोलू लागले होते. लंगड्यांची ती वरात भाज्यात शिरली तेव्हा त्यात सगळ्यांत सरळ लीलाच दिसत होती, आणि कस्तुराबाईने मनातल्या मनात खंडोबाला भंडारा कबूल केला.

जेवणं झाली. ओसरीवर हात धुवून अंबाजीराव लोडाला टेकला. "मुलगी पसंत आहे," त्याने सांगून टाकलं. "एवढा गड चढली, उतरली, एकदा बसली नाही. आता आणखी काय चालून दाखवायचं? आणा सुपारी, आत्ताच फोडू."

महिपतीचे डोळे भरून आले. कस्तुराबाईने बसायची घोंगडी मुद्दाम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यालगत टाकली होती. लीलाने एक पाऊल टाकायचं, सुपारीचं तबक ठेवायचं, पाया पडायचं आणि आत जायचं. लीलाने पाऊल टाकलं, तबक ठेवलं. पण ती वाकली नाही. ओसरीवरून खाली अंगणात उतरली आणि चालू लागली.

ती तुळशीपर्यंत गेली. सावकाश गेली, आणि तशीच परत आली. एवढं लंगडणं कस्तुराबाईने तिचं कधी बघितलं नव्हतं, कारण मोकळ्या सपाटीवर चार पावलांपुढे तिला कुणी चालूच दिलं नव्हतं.

"थकली पोर," अंबाजीराव कनवाळूपणाने म्हणाला. "पाय भरून आलेत."

"व्हय, व्हय," कस्तुराबाईने झडप घातली. "उतरताना मुरगळला. तेल चोळलं की ऱ्हाईल."

"मुरगळला न्हाई," लीला म्हणाली. "ल्हान व्हते तवा बैलानं पाय दिला. तवापास्नं असाच हाय."

अंबाजीराव उठून बसला. त्याच्या सुधारक विचारांना कुठे जावं ते कळेना. चेहरा लाल झाला आणि काठीची मूठ त्याने घट्ट धरली. "ही फसवणूक आहे," तो म्हणाला. "सरळ सरळ फसवणूक."

हौशीराम लीलाच्या पायाकडे बघत होता. त्या दिवसात पहिल्यांदाच तो दुर्बिणीशिवाय काहीतरी नीट बघत होता. "पण मला तर वर काहीच दिसलं नाही," तो म्हणाला. "दिवसभर बरोबर होतो."

"तुमाला समुद्र दिसत व्हता," लीला म्हणाली.

पाव्हणे निघाले. अंबाजीराव काठी आपटत पुढे, हौशीराम एक बूट हातात घेऊन मागे. वळणाशी थांबून त्याने मागे बघितलं, काही बोलणारसं वाटलं, पण बापाने हाक मारली आणि तो खुरडत गेला.

कस्तुराबाई दारात कमरेवर हात ठेवून उभी होती. दिवसभर गिळलेलं सगळं आता तिने ओकून टाकलं. "जा, जा. लंगडत आलं, लंगडत चाललं, आन् पोरीच्या पायाला नावं ठिवत्यात. डोळं न्हाईत मेल्यांना. धुक्यात शिडं दिसत्यात, आन् म्होरं चालनारं मानूस दिसत न्हाई." तिला फार बरं वाटलं. हसत ती लीलाकडे वळली, आता पोरही हसेल म्हणून.

लीला तबकातली सुपारी डब्यात परत टाकत होती. ती हसली नाही.

"त्ये तरी परके, आत्ती," ती म्हणाली. "त्यांनी बगितलं न्हाई. तू तर रोज बगतीस, आन् तरी बांधाबांधानं नेतीस. सपाटीला मी तुला बी नको व्हते का?"

गावात आलेल्या प्रत्येक बुटवाल्यासाठी कस्तुराबाईकडे शब्द होता, या पोरीसाठी एकही सापडेना. आपण दिवसभर कुणाला हसत होतो, हे तिला कळलं, आणि त्या कळण्याने तिचे कान तापले.

महिपती ओसरीच्या खांबाला टेकून बसला होता. त्याने विचारलं, आणि त्याने पोरीला काही विचारायची ही पहिलीच वेळ होती, "लीले, शिरगावला काय कळवू?"

"येऊ दे की त्याला," लीला म्हणाली. "म्हनावं, आंगनात चालून दाखव. मंग बगू."

महिपती हसला, मग डोळे पुसत उठला. "नको म्हनून कळवतो," तो म्हणाला आणि गोठ्याकडे गेला.

लीलाने डबा फळीवर ठेवला. "उद्या मळवलीला जायाचं हाय ना, आत्ती? सडकेनं जाऊ."

उद्या रविवार होता. पुण्या-मुंबईच्या गाड्यांतून पांढऱ्या बुटांची माणसं उतरणार, सडकेने येणार आणि बघणार. कस्तुराबाईने पदराने तोंड पुसलं.

"जाऊ," ती म्हणाली.