आवश्यकता राहात नाही

कंडक्टरबाईंनी पर्समधून पेन काढून टेबलावर ठेवलं. मग पेन्सिल ठेवली, मग मोबाइल. टेबलापलीकडे निळा स्वेटर घातलेली कारकून बाई एकेक वस्तू ट्रेमध्ये सरकवत होती.

"अजून काही?" तिने विचारलं.

"डोळे आहेत. तेही ठेवून जाऊ?"

कारकून बाई हसली नाही. तिने मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे नवाकोरा फलक होता. अभिलेख पाहता येतील. नक्कल, छायाचित्र, टिपण यांस मनाई आहे. एका वेळी एकाच अर्जदारास प्रवेश. कर्मचाऱ्यांशी विषयासंबंधी बोलू नये. फलक वाचताना कंडक्टरबाईंनी चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला. असले फलक त्यांनी जन्मभर बसमध्ये पाहिले होते आणि त्यातले निम्मे लोकांना ओरडून समजावून सांगितले होते. पण ज्यावर बोलूच नका असं लिहिलंय, असा फलक त्यांना हा पहिलाच भेटत होता.

"म्हणजे तुमच्याशी काय बोलायचं?"

"पाणी हवं असेल तर मागू शकता," ती म्हणाली, आणि फायलींचा गठ्ठा पुढे ठेवून आपल्या जागी जाऊन बसली.

रेकॉर्ड रूम थंडगार होती. खिडकी उंचावर, तीही रंग देऊन बंद केलेली. कंडक्टरबाईंनी शाल घट्ट ओढून घेतली आणि पहिली फाइल उघडली.

भानगड सुरू झाली होती मतदानाच्या दिवशी. पुलापलीकडची वस्ती सकाळीच रांगेत उभी राहिली आणि एकामागून एक परत फिरली. यादीत नाव नाही. इस्त्रीवाल्याचं नाही, त्याच्या म्हाताऱ्या आईचं नाही, दवाखान्यातल्या आयाबाईंचं नाही. पुलाच्या अलीकडचे सगळे यादीत जसेच्या तसे, पलीकडचे चारशेच्या वर गायब. कंडक्टरबाईंच्या नणंदेने केंद्रावरच्या माणसाला तिथल्या तिथे विचारलं होतं, "माझं नाव नाही, म्हणता. मग मी आहे कोण, भाडोत्री भूत?"

कचेरीतून उत्तर आलं ते साधं होतं. सर्वांना नोटिसा पाठवल्या होत्या. कुणीच उत्तर दिलं नाही. नावं नियमाप्रमाणे वगळली.

वस्तीत एकालाही नोटीस आली नव्हती. पोस्टमनला विचारलं, तर तो बिचारा रडकुंडीला आला. "बाई, चारशे पाकिटं मी काय विहिरीत टाकली?" तेव्हा कंडक्टरबाईंनी अर्ज केला की, नावं वगळण्याचा हुकूम मला पाहायचा आहे. अर्ज हरवला. दुसरा केला. तो अपुरा ठरला. तिसरा केला आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हटल्या नाहीत; मागे रांग खोळंबली, तरी नाही. बसमध्ये त्यांनी यापेक्षा मोठी गर्दी पचवली होती. शेवटी कायद्याने दार उघडावं लागलं, तर नोंदणी अधिकारी साहेबांनी आतून हा फलक लावला. पाहा हवं तितकं. बाहेर काय नेणार?

त्या दिवशी तासाभरात हाती काही लागलं नाही. नुसती पाठपुराव्याची पत्रं, पंख्याच्या दुरुस्तीची मागणी, पुन्हा पत्रं. दुसऱ्या खेपेलाही तेच. साहेबांचा हिशोब तोच असावा, म्हातारी कंटाळेल. तिसऱ्या खेपेला, पंख्याच्याच दुसऱ्या एका मागणीखाली, दोन कागद पिनेने जोडलेले सापडले. कंडक्टरबाईंनी वाचले. पुन्हा वाचले. मग बोट ठेवून, शब्द मोजल्यासारखे, तिसऱ्यांदा वाचले.

पहिल्या कागदावर हुकूम होता. पुलापलीकडील मतदारांची घरोघर पडताळणी करणे मनुष्यबळाअभावी शक्य नसल्याने, त्यांना नोटीस बजावण्यात आली असून मुदतीत उत्तर प्राप्त झाले नाही असे समजण्यात यावे व नावे वगळण्यात यावीत. सबब, नोटिसा छापण्याची आवश्यकता राहात नाही. खाली साहेबांची सही, शेपटी लांब ओढलेली.

दुसरा कागद कर्मचाऱ्यांसाठी होता. विचारणा झाल्यास 'नोटिसा पाठवल्या होत्या' एवढेच उत्तर द्यावे. अन्य काही सांगणाऱ्याची तात्काळ बदली करण्यात येईल.

कंडक्टरबाईंनी मान वर केली. कारकून बाई त्यांच्याकडेच पाहत होती. नजरानजर होताच तिने समोरचा शिक्का उचलला आणि शाईच्या पॅडवर उगाचच दोनदा दाबला.

"पाणी देता?" कंडक्टरबाई म्हणाल्या.

तिने दिलं. ग्लास तिने कागदांपासून लांब, टेबलाच्या कडेला ठेवला.

घरी आल्यावर नणंद उंबऱ्यातच उभी. नवरा गेल्यापासून दोघीच एका घरात राहत होत्या. भांडायला दुसरं कुणी नव्हतं म्हणून भांडण जपून वापरत.

"मिळालं?"

"मिळालं. पण आणता आलं नाही." आणि चपला काढता काढता त्यांनी सगळं सांगितलं.

नणंद ऐकत गेली तसा तिचा चेहरा लाल होत गेला. "वहिनी, तुम्ही तो कागद उचलून पदराखाली का नाही घातला?"

"म्हणजे मीच चोर ठरले असते, वन्सं. त्याचा कागद खरा आणि मी खोटी."

"मग आता?"

"पाठ करायचा."

"आपण?" नणंद हसलीच. "मला काल चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही."

"डोक्यावर आहे," कंडक्टरबाई म्हणाल्या.

पाठांतर काही सोपं गेलं नाही. सरकारी वाक्य म्हणजे हातातून निसटणारा साबण. एक शब्द पकडावा तर दुसरा पडतो. कंडक्टरबाईंनी शेवटी जुनी युक्ती काढली. आपल्या बसचे थांबे त्या झोपेतही सांगत. त्या थांब्यांवर त्यांनी शब्द बसवायला सुरुवात केली. 'घरोघर पडताळणी' दवाखान्यापाशी चढली, 'मनुष्यबळाअभावी' शाळेपाशी, 'समजण्यात यावे' बाजाराच्या कोपऱ्यावर. दुसऱ्या दिवशी पुन्हा आत जायचं, कागदाशी ताडून पाहायचं, चुकलेले प्रवासी उतरवायचे, खरे चढवायचे. दुसरा कागद नणंदेने, आपल्या नावाचा वेगळा अर्ज करून, अंगावर घेतला. तिची पाळी आली की ती आत जायची आणि ओठ हलवत वाचायची. कारकून बाई खुर्चीत बसून शिक्क्यांकडे पाहत राहायची. ओठ हलवू नयेत असं फलकावर कुठे लिहिलेलं नव्हतं.

"ती बाई काही बोलते का हो तुमच्याशी?" नणंदेने एकदा विचारलं.

"पाण्याचं."

"दगड आहे नुसती."

"दगड नाही. घाबरलेली आहे," कंडक्टरबाई म्हणाल्या. "बदलीचा कागद तिनेही वाचलाय. आपल्या आधी."

वगळलेल्या नावांवरची जनसुनावणी कचेरीच्याच मोठ्या दालनात होती. वस्तीतली माणसं कामावरून तशीच आली होती; इस्त्रीवाल्याच्या बाहीला अजून कोळशाचा वास होता. समोर व्यासपीठावर नोंदणी अधिकारी साहेब, पुढ्यात माइक आणि पाण्याची बाटली. कोपऱ्यातल्या लहान टेबलाशी कार्यवृत्त लिहायला निळा स्वेटर बसला होता.

साहेबांनी सुरुवातच गोड केली. नागरिकांच्या भावना समजतात. पण नोटिसा पाठवल्या होत्या. प्रक्रिया ती प्रक्रिया.

कंडक्टरबाई उभ्या राहिल्या. माइक त्यांच्यापर्यंत आलाच नाही. वायर पुरत नाही, असं शिपाई म्हणाला. त्यांनी त्याला हाताने बाजूला सारलं. त्यांचा आवाज भरलेल्या बसच्या मागच्या दारापर्यंत पोचायचा, दालनाचं काय घेऊन बसलात.

"साहेब, नोटिसा पाठवल्या नव्हत्या. तुमचा हुकूम मी वाचलाय. सांगते."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. दवाखाना आला, शाळा आली. मागच्या रांगेत कुजबुज होती ती थांबली. 'मुदतीत उत्तर प्राप्त झाले नाही असे समजण्यात यावे' म्हणताना त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब बाटलीचं झाकण फिरवत होते. फिरवून झालं तरी फिरवत होते.

"'व नावे वगळण्यात यावीत,'" कंडक्टरबाई म्हणाल्या. "'सबब, नोटिसा छापण्याची गरज नाही.'"

दालनात एकदम आवाज उठला. इस्त्रीवाल्याची आई काय झालं, काय झालं म्हणून शेजारणीला विचारू लागली. साहेबांनी हात वर केला. आता ते सावरले होते. चक्क हसत होते.

"बाई, तुमच्या पाठांतराचं कौतुक आहे. पण प्रत कुठे आहे? नाही ना? उद्या कुणीही उठेल आणि मनातलं काहीही माझ्या नावावर खपवेल." ते सभेकडे वळले. "आणि मंडळी, तुम्हीच सांगा. 'गरज नाही.' ही काय कचेरीची भाषा आहे? माझ्या पंचवीस वर्षांच्या नोकरीत एकाही आदेशात मी 'गरज' हा शब्द वापरलेला नाही. यावरूनच काय ते ओळखा."

दोन-चार जण हसले. सवयीने हसले. कंडक्टरबाईंच्या कानशिलांत रक्त चढलं. कुठला शब्द होता तो? त्या थांब्यावर माणूस उभा होता, त्याचा चेहरा दिसत होता, नाव येत नव्हतं. नणंदेने त्यांचा हात घट्ट धरला. तिला पहिला कागद पाठ नव्हता.

"'आवश्यकता राहात नाही' असं आहे," कुणीतरी म्हणालं.

आवाज मोठा नव्हता. तो कोपऱ्यातून आला होता. निळा स्वेटर कागदावर वाकलेला होता. पेन चालतच होतं.

साहेबांनी मान वळवली. "काय म्हणालात?"

"तो शब्द, सर." तिने आता वर पाहिलं. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज रोजच्यासारखाच होता, पाणी हवंय का विचारावं तसा. "'सबब, नोटिसा छापण्याची आवश्यकता राहात नाही.' बाईंनी बाकी सगळं बरोबर सांगितलं."

मग नणंद उभी राहिली. कुणी विचारायच्या आतच तिने दुसरा कागद सुरू केला, खणखणीत, एकही अक्षर न चुकता. 'तात्काळ बदली करण्यात येईल' हे शब्द आले तेव्हा मात्र तिचा आवाज खाली आला आणि तिने कोपऱ्याकडे पाहिलं. कारकून बाई ते वाक्यही लिहून घेत होती.

साहेबांनी सुनावणी तहकूब केली. उठताना बाटली आडवी झाली. पाणी व्यासपीठावरून खाली ठिबकत राहिलं, आणि ते पुसायला कुणी गेलं नाही.

पुढचं भराभर झालं. कार्यवृत्तात सगळं आलं होतं आणि कार्यवृत्त वरच्या कचेरीला जातंच. तिथून फाइल मागवली गेली. साहेब रजेवर गेले. हुकुमात 'तांत्रिक स्वरूपाची चूक' झाल्याचं छापून आलं, त्यावर नणंदेने पेपर दोन दिवस जमिनीवर पसरून त्यावर लसूण सोलला. आणि पुलापलीकडच्या शाळेत नोंदणीचं टेबल लागलं.

रांग फाटकाबाहेर गेली होती. कंडक्टरबाईंनी सवयीने ती सरळ करून घेतली, म्हाताऱ्यांना पुढे घातलं, आणि मग आपण शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. टेबलाशी एक नवा, गोलमटोल कारकून होता. त्याने नाव लिहिलं, सही घेतली, पोच फाडून दिली.

कंडक्टरबाईंनी पोच नीट घडी करून पर्समध्ये ठेवली. हलल्या नाहीत.

"कचेरीत आधी त्या बाई असायच्या. निळा स्वेटर. त्या दिसत नाहीत?"

कारकुनाने इकडेतिकडे पाहिलं. "त्या आता तिथे नसतात."

"मग कुठे असतात?"

"बाई, कर्मचाऱ्यांविषयी सांगायला आम्हाला परवानगी नाही." त्याचा चेहरा खरोखर ओशाळला होता. "वरून आलंय तसं."

"लेखी आलंय?"

शिक्का उचलून त्याने पॅडवर ठेवला, पुन्हा उचलला.

"बरं," कंडक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी पर्स काखेतून काढून टेबलावर ठेवली आणि खुर्ची ओढून बसल्या. "अभिलेख पाहायचा अर्ज असतो, तो द्या."

"कशासाठी?"

"तिच्या बदलीचा हुकूम वाचायचाय."

"दोन द्या," मागून नणंद म्हणाली. "या खेपेला आधी मी आत जाणार."