बाबांचा भिडू

बाबांच्या चौकडीतले दोघे एका वर्षात गेले, तिसरा मुलाकडे राहायला गेला, आणि चाळीस वर्षं रोज चार वाजता मांडला जाणारा पत्त्यांचा डाव मोडला. बाबा छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेलेला माणूस आता खिडकीशी बसून समोरच्या दुकानाच्या पाटीवरची वेलांटी सुधारत बसे. ते बघवेना, म्हणून धाकट्या मुलीने त्यांना संगणकावर डाव करून दिला. तीही त्याच वळणाची, फक्त ती प्रोग्रॅममधल्या चुका शोधायची.

तीन भिडू म्हणजे तीन छोट्या स्क्रिप्ट. उतारीचा रंग हातात असेल तर तोच टाक. नसेल तर हुकमाने काप. हुकूमही नसेल तर हलकं पान सोड. बाबांनी पहिल्या दिवशी तिघांना नावं दिली आणि दुसऱ्या दिवसापासून नावं ठेवायला सुरुवात केली.

"हा मास्तर माझा भिडू आहे की वैरी?" ते म्हणाले. "माझा एक्का पडलाय, हात आपलाच होतोय, आणि हा वरून कापतो."

खरंच एक अट राहिली होती. धाकटीने दहा मिनिटांत ती घातली. बाबा खूश झाले, जेवायलाही वेळेवर आले.

दोन महिन्यांनी पुन्हा तक्रार आली. "मास्तरचं डोकं फिरलंय. मी बदामाचा राजा धरून बसलोय आणि हा बदाम उतरतच नाही."

तिने दोन दिवस कोड पिंजून काढला. काही सापडेना. मग प्रत्येक पानाची नोंद उघडली. चौथ्या हाताला बदामाची उतारी होती. बाबांच्या हातात तीन बदाम होते. त्यांनी चौकट टाकली होती. ज्याने रंग दिला नाही त्याच्याकडे तो रंग संपला, असं मास्तर धरून चालला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

माणसाने दिलेलं काहीही तपासल्याशिवाय घेऊ नये, हे ती ऑफिसात नवीन मुलांना पहिल्या दिवशी सांगे. पण बाबांचं पान तपासायचं, हे तिच्या मनातही आलं नव्हतं.

दोन्ही रंग लाल, नजरचूक असेल, म्हणून तिने डोळे तपासून आणले. डोळे ठणठणीत होते. तिने पडद्यावरची चौकट निळी केली. त्याच आठवड्यात बाबांनी बदामावर इस्पिक टाकलं. तिने मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली. ती पुढच्या महिन्यातली मिळाली.

"अगं, सरळ अट घाल ना," दादा फोनवर म्हणाला. "चुकीचं पान पडूच देऊ नको."

तिने घातली. दुसऱ्या दिवशी बाबांनी एकाच पानावर अकरा वेळा बोट दाबलं.

"पान का पडत नाही गं?"

"बाबा, तुमच्याकडे बदाम आहेत अजून."

ते हातातली पानं बघत राहिले. "हो की," म्हणाले, पण बोट हवेतच राहिलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. वर्गात उभं केल्यासारखे ते बसले होते.

सकाळी तिने ती अट काढली आणि वेगळी घातली: बाबा चुकले तर तिघांनी ते पाहिलंच नाही असं धरायचं. मग बाबा पाळी नसताना खेळू लागले. त्यालाही एक अट. हुकूम कोणता ते विसरू लागले, त्यालाही. आभाळच फाटलं होतं, ती ठिगळं लावत होती.

असे पंधरा दिवस गेले. एका दुपारी बाबांनी पटकन लॅपटॉप मिटला.

"हे तिघं मुद्दाम हरतात हल्ली."

"नाही हो बाबा."

"मला फसवू नकोस. मी जन्मभर चुकाच वाचल्यात." मग त्यांनी विचारलं, "मी किती चुकतो?"

नोंदीत आकडा होता. काल बावन्न पानं, एकोणीस चुका. परवा चौदा होत्या.

"थोडंसं," ती म्हणाली.

"थोडंसं म्हणजे किती?"

बाबांनी लॅपटॉप उचलून तिच्या पुढ्यात ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली.

"बघ, काही दुरुस्त होतंय का," ते म्हणाले.

"बघते."

तिने कोड उघडला आणि वरपासून वाचू लागली. सगळ्या अटी जिथल्या तिथे होत्या, जे सांगितलं तेच करत होत्या. बाबा तिच्या खांद्याशी वाकून, गुडघ्यावर हात ठेवून शांतपणे वाट बघत होते. ती शेवटच्या ओळीपर्यंत गेली, आणि त्यांना काहीतरी सांगावं लागू नये म्हणून पुन्हा पहिल्या ओळीवर आली.