जीपच्या काट्यावरचं कॅल्क्युलस

रिंग वाजलेली नाही, कुणाचा फोनही आलेला नाही. आज मी मोबाइल स्वतःहूनच बोलतोय. चाकूरजवळच्या एका गावात, उज्वलाबाईंच्या स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीला टेकून मी उभा असतो. काचेला तडा गेलाय, पाठीवर पिठाची बोटं उमटलीत. पण माझं बरं चाललंय.

लातूरच्या दुकानातून मला रामकिशन यांनी आणलं. ते उज्वलाबाईंचे मालक. चाकूर-अहमदपूर रस्त्यावर प्रवाशांची काळीपिवळी जीप चालवतात. त्यांच्या खिशात असताना मी सोयाबीनचे भाव सांगितले, भजनं ऐकवली, लोकांच्या लग्नांचे व्हिडिओ दाखवले. माणसं मला दिवसभर बोटानं वर सरकवत राहतात. काय शोधतात ते त्यांनाही ठाऊक नसतं. पुढं त्यांनी नवा मोबाइल घेतला आणि मी उज्वलाबाईंकडं आलो.

त्याच वर्षी दिवाळीत त्यांची लेक सुकन्या अहमदपूरच्या होस्टेलवरून बॅग भरून घरी आली. बारावी सायन्सला होती.

"मला कॅल्क्युलस येत न्हाई. मी परत जाणार न्हाई," एवढंच बोलली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली.

तिची आजी साखराबाई पान लावता लावता म्हणाल्या, "न्हाई तर न्हाई. उदगीरकडचं स्थळ आलंय, ते बघा."

रामकिशननी नुसती होकाराची मान हलवली. ती मान उज्वलाबाईंनी पाहिली. त्या स्वतः अकरावीत असताना त्यांचं लग्न असंच मान हलवून ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना त्या म्हणाल्या, "पाहुण्यांना उन्हाळ्यापर्यंत थांबवा. तवर मी शिकते आन् हिला शिकवते."

"तू?" रामकिशन हसले.

"हाव, मी."

त्यांनी मला हातात घेतलं आणि 'कॅलकूलस मराठी' असं चुकतमाकत लिहिलं. मला कळलं. मी फुकटचे धडे समोर ठेवले. एका धड्यात शिकवणाऱ्या बाईंचा चेहरा दिसत नव्हता, नुसता लिहिता हात आणि आवाज. उज्वलाबाईंना तो आवाज आवडला. त्या त्यांना मॅडम म्हणू लागल्या, त्यांच्याशी बोलूही लागल्या.

"थांबा मॅडम, लई पळून राहिलात तुम्ही," म्हणत माझ्या काचेवर बोट ठेवायच्या. मी थांबायचो. मग तेच मागून पुढं, पुन्हा मागून पुढं. शाळेत त्यांना कधी कुणाला थांबा म्हणायचा धीर झाला नव्हता. इथल्या मॅडम वैतागत नव्हत्या.

तरी एका ठिकाणी गाडी अडलीच. 'एका क्षणाचा वेग' म्हणे. "क्षणात जीप हलतच न्हाई, मग वेग कुठून आणायचा?" असं त्या मला विचारायच्या. मी काय सांगणार? मला दाखवता येतं, समजावता येत नाही.

एकदा त्या जीपमध्ये पुढं बसून अहमदपूरला निघाल्या. मी मांडीवर होतो. बराच वेळ त्या वेगाच्या काट्याकडं बघत होत्या.

"काय बघून राहिलीस?" रामकिशननी विचारलं.

"सगळ्या रस्त्याचा मिळून वेग एकच येतो. पण हा काटा तर खालीवर व्हायलाय."

"खड्डा आला की पडणारच की."

"म्हंजे या खांबापाशी, आत्ता किती, ते हा सांगतो." त्या काट्याकडं वाकल्या. मग हळूच म्हणाल्या, "लई थोडका वेळ घ्यायचा, त्याहून थोडका, आणखी थोडका. हा काटाच डेरिव्हेटिव्ह हाय."

मागं बसलेल्या नेहमीच्या प्रवाशानं, नागप्पांनी विचारलं, "काय हाय म्हणे?"

"आमची कारभारीण शिकून राहिली," रामकिशन म्हणाले. असा कौतुकाचा आवाज मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

संध्याकाळी उज्वलाबाईंनी मला बरणीला टेकवलं आणि मोठ्यानं बोलत गणित सोडवायला घेतलं. सुकन्या भिंतीकडं तोंड करूनच होती. पण कान इकडंच होते.

"एक्सचा वर्ग, त्याचं डेरिव्हेटिव्ह झालं एक्स," उज्वलाबाई म्हणाल्या.

"आई, वरचा दोन खाली येतो," भिंतीकडून आवाज आला.

"कुठं खाली?"

"दे इकडं." सुकन्या उठून आली. आईनं चूक मुद्दाम केली होती का, ते मला आजवर कळलेलं नाही.

त्यानंतर मायलेकी रोज माझ्यासमोर बसू लागल्या. साखराबाईही डोकावून जायच्या. इंटिग्रेशनची खूण बघून एकदा म्हणाल्या, "हा नाग उभा कशाला केलाय?"

"नाग न्हाई आजी, बेरीज हाय. बारीक बारीक तुकड्यांची."

"मंग फणा कशाला काढायचा?"

संक्रांतीनंतर सुकन्या होस्टेलवर परत गेली. परीक्षा झाली, गणित सुटलं, आणि आता ती नांदेडला इंजिनिअरिंगला आहे. उदगीरच्या पाहुण्यांनी दुसरीकडं जमवलं. साखराबाई त्या लग्नात जेवून आल्या आणि जिलबी चांगली होती म्हणाल्या.

मला वाटलं, आता आपण पुन्हा भजनांना लागलो. पण सुकन्या गेल्यावर एका दुपारी उज्वलाबाईंनी हात पुसले आणि पुढचा धडा लावला.

"आता कुणाला शिकवायचंय?" साखराबाईंनी विचारलं.

"कुणालाच न्हाई, आत्याबाई. पुढं काय हाय ते मला बघायचंय."

साखराबाईंनी पान तोंडात टाकलं. मग पाट ओढून जवळ आल्या. "मंग त्याचं तोंड थोडं माझ्याकडं कर."

हल्ली माझी बॅटरी दुपारीच मान टाकते, चार्जरची वायर वाकवून धरावी लागते. रामकिशन उज्वलाबाईंना म्हणतात, तुला नवा आणू. आणा की. पण जरा दमानं घ्या. आमचं इंटिग्रेशन अजून अर्ध्यावरच आहे.