खरड छाटणी

"एक डोळा ठेवायचा इरा, बाकी समदं काढून टाकायचं. हात आखडायचा न्हाई. माया केलीस की वेल माजतोय."

नवऱ्याचं हे सांगणं इरावतीच्या हातात मुरलेलं होतं. तासगावकडं चौतीस वर्षं तिनं एप्रिलच्या उन्हात खरड छाटणी केली. काडीवर एकच डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, ठेवून वेल पार बोडका करायचा, पावसाळाभर काड्या पोसू द्यायच्या, ऑक्टोबरात पुन्हा छाटायचं, मग कुठं उन्हाळ्याच्या तोंडावर घड हाती यायचे. नवरा गेला, बाग दिराकडं गेली, आणि मुलगा शशिधर तिला इंग्लंडात कॉव्हेंट्रीला घेऊन आला. पण हात काही विसरला नाही. तिथंच घात झाला.

घरामागं कौन्सिलच्या अलॉटमेंट होत्या. ज्याचा त्याचा एक तुकडा, त्यात बटाटे, कांदे, बीन्स. इरावतीनं मेथी लावली. शेजारचा तुकडा मिलुतिनचा. सर्बियातल्या द्राक्षांच्या मुलखातला माणूस, ऐंशी उलटलेला. दोघांचं इंग्रजी सारखंच लंगडं, म्हणून एकमेकांचं बरोबर कळायचं. तो तिला 'सेस्त्रो' म्हणायचा, म्हणजे बहीण. त्याचं बोलणं तिच्या कानाला तासगावच्या बोलीतच ऐकू यायचं.

त्याचा वेल एकच, पण मांडवभर पसरलेला. सप्टेंबर सरताना तो बेर्बा करायचा. बेर्बा म्हणजे त्यांच्याकडची द्राक्षतोडणीची जत्रा. सगळ्या अलॉटमेंटवाल्यांना टोपल्या घेऊन बोलवायचा. भाजलेल्या मिरच्या, पाव, गळ्यात अकॉर्डियन. बाकीच्यांना वाइन, इरावतीला गाळलेला ताजा रस.

"आमच्याकडं ह्या दिवशी चौकातल्या कारंज्यातनं वाइन वाहती, सेस्त्रो."

"आणि पाणी?"

"ते गाढवं पितात."

"मी तर पाणीच पिती. म्हंजी मी गाढव?"

"तू देवाचं गाढव," तो हसत म्हणायचा आणि तिचा पेला भरायचा.

मार्चअखेर त्याची छाती भरली. दवाखाना झाला, तिथून केअर होम. जाताना म्हणाला, "वेलाकडं बघ."

तिनं बघितलं. दोन लांब काड्या तारेला बांधून तशाच ठेवलेल्या. बिचाऱ्याची छाटणी आजारपणात अर्धी राहिली, असं तिला वाटलं. कात्री घेऊन तिनं वेल बोडका केला. कापल्या जागी थेंब थेंब पाणी गळत राहिलं. ती घरी गेली ती समाधानानं.

जूनमध्ये पानं झकास फुटली. घड मात्र एक नाही. शशिधरनं फोनवर शोधून सांगितलं, "आई, इथं वर्षातनं एकदाच छाटतात, हिवाळ्यात. तू काढलेल्या काड्यांवरच द्राक्षं येणार होती गं."

इरावतीनं वाफ्याच्या कडेला बसून एकेक काडी चाचपून बघितली.

सप्टेंबरात केअर होममधून निरोप आला. मिलुतिननं खाणं टाकलंय, दिवस थोडे राहिलेत, आणि एकच विचारतो, वेलावर द्राक्षं पिकली का.

सून चैत्राली म्हणाली, "आई, सुपरमार्केटमधून काळी द्राक्षं आणू या. त्यांना आता कुठं फरक कळतोय?"

"त्येंला कळतंय. आणि चातुर्मासात खोटं बोलायचं न्हाई, हा माझा नेम हाय."

"खोटं नाही हो आई, काइंडनेस आहे तो."

"मग त्यो काइंडनेस मला जमायचा न्हाई, बाळ."

ती रिकाम्या हातानं गेली. पलंगाशी बसून सगळं सांगितलं. मिलुतिननं डोळे मिटले होते.

"किती डोळं ठेवलंस?"

"एक."

"एक!" त्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. बाहेरच्या रस्त्यावर बसमागून बस गेली. इरावती मनातल्या मनात नाम घेत बसून राहिली.

मग तो भिंतीकडं बघतच बोलला. "मी नऊ वर्षांचा आसंन. गारपीट झाली. बागेत एक मणी न्हाई राहिला. तरी बेर्बाच्या दिवशी आईनं टोपल्या काढल्या. समदं गाव रिकाम्या टोपल्या घेऊन बागेतनं हिंडलं. गाणी म्हणली. न्हाई गेलं, तर वेलाला वाटतंय, आपण निस्तं द्राक्षांपुरतंच हुतो."

इरावतीच्या पदराचं टोक भिजलं.

"ह्या वर्षी तू कर. येत्या रविवारी. समद्यांना बोलाव. द्राक्षं का न्हाईत म्हणतील, तर खरं सांग."

"सांगीन, दादा. करीन."

"आणि मी राग सोडला, असं समजू नगंस. रागवायला येळ उरला न्हाई, इतकंच."

पण तिचा हात त्यानं सोडला नाही. गुरुवारी तो गेला.

शनिवारी सकाळी पूजा उरकून इरावतीनं टोपली घेतली. शशिधर दारात आला.

"आई, ते गेले. आता हे कुणासाठी?"

तिनं पायात बूट घातले.

वाटेतला पहिला तुकडा कॉलिनचा. तोंडाळ माणूस. बेर्बाच्या वाइनवर त्याचा सगळ्यात जास्त जीव, आणि गुड मॉर्निंगपलीकडं तो तिच्याशी कधी बोलला नव्हता. काल पाऊस पडून गेलेला, चिखल बुटांना धरत होता. चालता चालता ती ओठांतल्या ओठांत इंग्रजी शब्द जुळवत होती. द्राक्षं नाहीत. चूक माझी. तरी उद्या या.

तिनं त्याच्या फाटकाची कडी काढली.