स्तोत्रात शिरलेला बँजो

अल्बमची खोकी घरी आली त्या दिवशी लोरीन स्टॅम्परला घास गिळेना. खरं तर दोघा भावंडांचं हे पोरवयापासूनचं स्वप्न. केंटकीच्या डोंगरात मिळेल त्या ओसरीवर दोघं ब्लूग्रास हे तिथलं डोंगरी संगीत वाजवत मोठी झाली, ती गिटारवर, धाकटा डेन्व्हर बँजोवर. गळे तर असे जुळायचे की कुठला आवाज कुणाचा ते शेजाऱ्यांनाही सांगता यायचं नाही. आता वेष्टणावर दोघांचा फोटो होता, खाली नावं होती. डेन्व्हर सकाळपासून स्वतःचंच तोंड न्याहाळत बसला होता, आणि ही बाई सातव्या गाण्यापायी हवालदिल झाली होती.

सातवं गाणं म्हणजे डॅडींच्या चर्चमधलं स्तोत्र.

डॅडी, म्हणजे होबर्ट स्टॅम्पर, जुन्या वळणाच्या बाप्टिस्ट मंडळीचे पाळक. त्यांच्या चर्चमध्ये वाद्याला उंबरठ्याच्या आत पाऊल टाकायची सोय नाही. पुढे उभ्या असलेल्याने स्तोत्राची ओळ भरभर सांगायची आणि बाकीच्यांनी ती ताणत, हेलकावे देत म्हणायची. ओळ सांगणारा पुरुषच असायचा. म्हातारबांना बँजोचं वावडं होतं असं मुळीच नाही, डेन्व्हरला पहिला बँजो त्यांनीच आणून दिला होता. पण त्यांचा कायदा सरळ होता: बँजो ओसरीवर, स्तोत्र चर्चमध्ये, दोन्ही एका ताटात वाढायचं नाही.

आणि या दोघांनी नेमकं तेच वाढलं होतं. बंद पडलेल्या शाळेत एकाच माइकभोवती नाकाला नाक लावून उभं राहून त्यांनी सगळी गाणी ध्वनिमुद्रित केली. त्या तंद्रीत लोरीनच्या तोंडून ओळ निघाली, डेन्व्हरने ती मागून उचलली आणि तिसऱ्या कडव्याला त्याचा बँजो आत शिरला. तेव्हा दोघांच्या अंगावर काटा आला होता. लोरीनच्या अंगावर तो आजही होता, पण वेगळ्या कारणाने.

"एवढं काय घाबरतेस?" डेन्व्हर म्हणाला. "चार दिवस बोलणार नाहीत. तेवढीच शांतता."

"तुला नाही कळायचं, डेन्व्हऱ्या."

त्याला कळणार तरी कसं? तिने सांगितलंच नव्हतं. त्या मंडळीत लहान पोरांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाला आतून हाक यावी लागते, मग ती केस पिकल्यावर का येईना. हाक आली का, असं कुणी कुणाला विचारायचंही नसतं. लोरीनला ती हाक या वसंतात आली होती, भांडी विसळता विसळता. आता मंडळीपुढे जाऊन हात द्यायचा, मंडळीने होकार द्यायचा आणि पाळकाने ओढ्यात उतरवून पाण्यात बुडवायचं. हे सगळं तिला डॅडींच्याच हातून हवं होतं, आणि डॅडी ऐंशीच्या पुढे गेले होते. स्तोत्राचा तमाशा करणाऱ्या लेकीचा हात ते कशाला धरतील?

त्यात गावचा रेडिओ उद्या दुपारी हा अल्बम लावणार होता. डॅडी चर्चहून आले की रेडिओला कान लावून बसायचे. म्हणजे जे काय सांगायचं ते आजच.

दोघं पोचली तेव्हा डॅडी ओसरीवर घेवड्याच्या शेंगा सुईदोऱ्यात ओवत होते, हिवाळ्यासाठी वाळवायला. लोरीन सुई घेऊन शेजारी बसली. डेन्व्हरने सोबत आणलेल्या यंत्रावर अल्बम लावला. पहिल्या गाण्यालाच डॅडींचा बूट ठेका धरू लागला.

"हा कोण रेकतोय?"

"मी, डॅडी," डेन्व्हर म्हणाला.

"वाटलंच."

लोरीनने मनात ठरवून टाकलं, सहावं संपलं की यंत्र बंद करायचं आणि आधी तोंडाने सांगायचं. पण सहावं संपायला आलं तसं डेन्व्हऱ्याने यंत्र उचलून मांडीवर घेतलं आणि तिच्याकडे बघून भुवया उडवल्या. वडिलांसमोर हिसकाहिसकी कशी करणार? तिने त्याला मनातल्या मनात सात पिढ्यांच्या शिव्या दिल्या. त्या पिढ्या आपल्याही आहेत हे तिच्या ध्यानात आलं नाही.

सातवं सुरू झालं. तिचा एकटीचा आवाज, भरभर सांगितलेली ओळ. डॅडींची सुई शेंगेत अडकून राहिली. लोरीन पायांच्या बोटांकडे बघत बसली.

आणि डॅडी गायला लागले.

ओळ कानावर पडली की ती पुढे न्यायची, ही त्यांची जन्माची सवय. घसा खरवडून गेला होता, तरी सूर जागच्या जागी. तिसऱ्या कडव्याला बँजो आला तेव्हा त्यांची एक भुवई वर गेली, पण ओळ मध्येच सोडायची त्यांच्यात रीत नव्हती. यंत्र पुढे पळालं. डॅडी काही घाई करेनात. यंत्रात आठवं गाणं उड्या मारू लागलं तेव्हा डेन्व्हरने गुपचूप ते बंद केलं, आणि शेवटची ओळ तिघांनी मिळून डॅडींच्या चालीने संपवली.

डॅडींनी शेंग पुढे सरकवली.

"फार पळवलंय तुम्ही."

"हो, डॅडी."

"तो बँजो माझ्या चर्चमध्ये आला तर ओढ्यात भिरकावीन. वाजवणाऱ्यासकट."

"हो, डॅडी," डेन्व्हर म्हणाला.

"ही ओसरी आहे. ओसरीवर वाजलेल्याचा जाब मी कधी मागितलाय?"

लोरीनला एकदम हसू आलं. "आणि बाईने ओळ सांगितली त्याचं?"

"चर्चमध्ये नाही चालायचं." त्यांनी पुढची शेंग ओवली. "पण ओळ सांगताना समोर माणसं आहेत असं वाटावं लागतं. तुला वाटत होती. ऐकू आलं मला."

मग तिला धीर धरवेना. "डॅडी, मला हात द्यायचाय. मंडळीपुढे. तुम्ही घ्याल?"

डॅडींनी सुई दोऱ्यासकट बाजूला ठेवली आणि डोळे पुसले, अगदी उघड, लाज न बाळगता.

"थंडीच्या आत ये," ते म्हणाले. "पाणी गार पडलं तर दोघंही काकडून मरू."

"आणि माझं काय?" डेन्व्हरला राहवलं नाही.

"तुला पुरेल एवढं पाणी त्या ओढ्यात नाही."

लोरीन हसत होती आणि रडतही होती. डॅडींनी तिचा हात धरला, शेंगांनी हिरवा झालेला.

"गुडघे गेलेत माझे, पोरी. दरवर्षी मंडळी म्हणते, ब्रदर होबर्ट, आता ओढ्यात दुसऱ्या कुणाला उतरू द्या. तुला विचारायची तर आम्हाला मुभा नाही. मी आपला त्यांना सांगतो, थांबा, माझं एकीचं राहिलंय."