कोपरा उचलून बघ

टिचकीला टिचकी म्हणतात कारण जन्मली तेव्हा ती एवढीशी होती, आणि पुढेही उंचीच्या बाबतीत तिने फारशी घाई केली नाही. आवाजाच्या बाबतीत मात्र केली. शाळेचं शेवटचं वर्ष, नुकतं सरलेलं अठरावं आणि खिशात कालच मिळालेला शिकाऊ परवाना, एवढ्या भांडवलावर ती आज जुन्या गाड्या विकणाऱ्या शेडमध्ये अशी शिरली, जणू शेड तिच्याच मालकीची.

मागून बाबा आले. त्यांच्या मागून किल्ली बोटावर फिरवत दादा.

बाबांचा धंदा लोकांचं घरसामान हलवण्याचा. एक टेम्पो, चार माणसं आणि एक कायदा: कोपरा उचलून बघितल्याशिवाय हो म्हणायचं नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "अहो, छोटंसं कपाट आहे." बाबा काही बोलत नाहीत. वाकतात, एक कोपरा बोटभर उचलतात, आणि मग बोलतात. ही खोड पार घरात मुरली होती. आत्याला भाड्याचं घर दाखवायला नेलं, तर बाबांनी घरमालकाच्या सोफ्याचा कोपरा उचलला. घरमालक त्याच्यावर बसलेला असताना!

"परवाना मिळव, गाडी घेऊन देतो," असं बाबा बोलून बसले होते. कुठली, ते बोलले नव्हते. आजचं भांडण नेमकं तेवढ्यावरच होतं.

बाबा थेट एका क्रीम रंगाच्या स्कूटरपाशी जाऊन थांबले. "ही बघ. मुलींची गाडी."

"कुठं लिहिलंय?" टिचकी खाली वाकून पाहायला लागली. "नंबर प्लेटवर तर नाही."

शेडवाले काका हसले आणि बाबांचा चेहरा बघून खोकले.

"मला गियरची हवी," टिचकी म्हणाली. "मोटरसायकल."

"मग ही घे ना," दादा एका लालभडक, उंच, माजलेल्या गाडीवर थाप मारत म्हणाला. "घ्यायची तर अशी. नाहीतर लोक हसतील."

आता खरं सांगायचं तर अशाच गाडीचा फोटो महिनाभर टिचकीच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता. रोज सकाळी मोजे काढताना ती त्या फोटोला बघून भुवई उडवायची. आज ती त्या गाडीवर चढली. हो, चढलीच. आणि तिचे पाय झोपाळ्यावर बसल्यासारखे लटकले. एका बाजूला झुकली तेव्हा कुठे एक अंगठा टेकला.

दादाला हसू आवरेना. "स्टूल देऊ?"

टिचकीने एकदा लाल टाकीवरून हात फिरवला. महिनाभराचं प्रेम असं पटकन उतरत नाही. मग ती उतरली.

"नको."

"घाबरलीस!"

"पाय टेकत नाहीत. सिग्नलला थांबल्यावर काय करू, खांबाला मिठी मारू? मला गाडी चालवायची आहे, दादा. तुझ्या मित्रांना दाखवायची नाही."

मग ती एकटीच रांगेतून फिरली. बसायची, पाय टेकवायची, क्लचपर्यंत बोटं पोचतात का बघायची, उतरायची. पार शेवटी, पत्र्याला टेकून, एक बुटकी, गडद हिरवी मोटरसायकल उभी होती. सीटला ठिगळ. टाकीवर धुळीचा थर. टिचकी तिच्यावर बसली. दोन्ही पावलं जमिनीवर, टाचांसकट! हँडल असं हातात आलं, जणू गाडी म्हणतेय, आलीस का बाई एकदाची?

"ती?" काका म्हणाले. "एक पोस्टमन चालवायचा. दिसायला काही नाही, पण दणकट आहे."

"पोस्टमनची गाडी!" दादाने कपाळाला हात लावला. "अगं, जरा तरी लाज!"

"हीच," टिचकी म्हणाली.

"मोटरसायकल जड असते," बाबा तिथूनच म्हणाले. "तुला झेपायची नाही. स्कूटरच बरी."

"कोपरा उचललात?"

बाबा स्कूटरचा आरसा पुसायला लागले.

"बाबा, उचललात का कोपरा? न उचलता बोललात?"

स्वतःच्या कायद्यापुढे माणूस काय करणार! बाबा वाकले. स्कूटरला मागून धरलं आणि उचललं. जुनी गाडी, लोखंडी अंग, इंजिन सगळं मागे. बाबांच्या तोंडून "हं" निघालं. मग ते हिरव्या गाडीकडे आले, सीटमागचा दांडा धरला, उचलला. आणि पुन्हा एकदा उचलला, कारण पहिल्यांदा त्यांचा विश्वास बसला नव्हता.

"काय म्हणता?" टिचकीने विचारलं.

"मागून हलकी आहे," बाबा कसेबसे म्हणाले. मग आवाज वेगळाच झाला. "मागून, टिचके. पण रस्त्यात आडवी पडली तर? मागे ट्रक आला तर? तेव्हा बाबा कुठून आणशील?"

असं बोलणं तिला अपेक्षित नव्हतं. ती सीटवरचं ठिगळ बोटाने चाचपायला लागली.

"आडवी पडलेली एकटीने उभी कर," बाबा म्हणाले. "केलीस तर हीच. नाही तर स्कूटर, आणि तोंडातून ब्र काढायचा नाही."

"कबूल."

"अहो, पण गाडी माझी आहे!" काका कळवळले.

बाबांनी टेम्पोतून कपाटं गुंडाळायची जाड ब्लँकेट्स आणून अंथरली. काकांनी पेट्रोलचा कॉक बंद केला आणि गाडी उजव्या अंगावर अशी हळुवार निजवली, जणू तान्हं बाळ.

"हँडल धर आणि दम लावून ओढ," दादाने सल्ला दिला.

टिचकीने हँडल धरलं, दम लावला, ओढलं. चाक फिरलं, गाडी पुढे सरकली, ब्लँकेट गोळा झालं आणि टिचकी धप्पकन बसली.

"स्कूटरचा रंग छान आहे हं," दादा म्हणाला.

टिचकीचे कान लाल झाले. ती तशीच बसल्या बसल्या गाडीकडे बघत राहिली. गाडी कुठे होती ती? आडवं पडलेलं कपाट होतं! अशी किती कपाटं तिने सुट्टीत टेम्पोबरोबर जाऊन उभी केली होती, आणि प्रत्येक वेळी बाबा ओरडायचे: पाठ लाव! पाय काय मिरवायला दिलेत?

ती उठली. आधी गियर टाकला, म्हणजे चाक पळायचं नाही. वरच्या बाजूचा स्टँड बाहेर काढला, म्हणजे उभी राहून पलीकडे कलंडायची नाही. मग गाडीकडे पाठ केली, सीटला टेकली, एका हाताने हँडल, दुसऱ्याने मागचा दांडा. आणि पायांनी ढकलत, इंचाइंचाने मागे.

हिरवी गाडी कुरकुरली, उठली आणि खट्कन स्टँडवर बसली.

टिचकी मान वळवून म्हणाली, "आता दादाने."

"मी? माझी तर कधीच घेऊन झाली!"

"तेच म्हणतेय. तुझ्या वेळी कोपरासुद्धा नाही उचलला कुणी. मागितलीस आणि मिळाली. मग नियम माझ्या एकटीसाठीच का?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाहेर उभ्या दादाच्या अवजड गाडीकडे. "बरोबर बोलतेय," ते म्हणाले. "आण रे ती आत."

"बाबा, माझा गुडघा…"

"मग बहिणीला विनंती कर. ती उचलून देईल."

दादाची किल्ली फिरायची थांबली.

संध्याकाळी हिरव्या गाडीला पुढेमागे शिकाऊची लाल 'एल'वाली पाटी लागली, आणि शिकाऊ माणसामागे परवानेवाला हवा म्हणून बाबा मागे बसले. गाडी गचका देऊन बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. दादा खांबामागे लपून हसत होता.

"क्लच हळू सोड," बाबा म्हणाले. "आता रेस दे. अगं, जास्त नको! डावीकडे बघ…"

"बाबा," टिचकी आरशात बघत म्हणाली, "कपाट जिन्यावरून उतरवताना कोण बोलतं?"

बाबा थांबले. "पुढचा."

"आणि मागचा?"

"मागचा… नीट धरतो."

"मग धरा."

बाबांनी दोन्ही हातांनी सीटमागचा दांडा धरला. टिचकीने क्लच सोडला, आणि या वेळी गाडी निघाली.